अर्धा पुसलेला फळा

धुळ्यात फाल्गुन आला की आधी कडुनिंबाची पानं कळवतात. पिवळी, कोरडी, हलकी पानं रस्त्यावर, स्कूटरच्या सीटवर, वर्गाच्या उंबऱ्यात येऊन पडतात. कॉलेजच्या झाडूवाल्या मावशी सकाळी त्यांचा ढीग लावतात आणि दहा वाजताचा वारा तो ढीग पुन्हा अंगणभर करून टाकतो. बाजारात साखरेचे हार-कंगन टांगलेले दिसतात, गुलाबी आणि पांढरे, त्यांच्याभोवती माश्या आणि लहान मुलं सारख्याच चिकाटीनं फिरत असतात. माठवाले रस्त्याच्या कडेला गवत पसरून बसतात. परीक्षेची वेळापत्रकं लागतात. आणि चित्रकला महाविद्यालयात माझा वर्षातला शेवटचा धडा सुरू होतो, व्यंगचित्राच्या इतिहासाचा.

अभ्यासक्रमात तो शेवटी आहे म्हणून फाल्गुनात येतो, एवढंच त्याचं कारण. तरी तो सुरू करण्याआधी दरवर्षी मी दोनदा पाणी पिते. मुलांना वाटतं, ऊन वाढलं.

मी त्यांना तांब्याच्या पत्र्यावर सुईनं कोरलेली जुनी चित्रं दाखवते. लंडनमधल्या चित्रांच्या दुकानांपुढे कशी गर्दी व्हायची ते सांगते. ज्यांना चित्र विकत घेणं परवडत नव्हतं ते लोकही काचेला नाक लावून मंत्र्यांची नाकं बघत उभे राहायचे. मग दगडावर काढून छापायची युक्ती निघाली आणि चित्रं स्वस्त झाली. फ्रान्समधल्या एका राजाचा चेहरा चित्रकारांनी हळूहळू नासपतीचा करून टाकला. राजाचे गाल, राजाचा जबडा, मग थोडा फुगलेला जबडा, मग नुसतं फळ. लोक म्हणे भिंतींवर कोळशानं नासपती काढायचे आणि कुणाला काही सांगायची गरज उरायची नाही.

यंदा या ठिकाणी शेवटच्या बाकावरचा साक्रीकडचा एक मुलगा हात वर न करताच म्हणाला, "मॅडम, मंग राजा हसना का चिडना?"

"चिडला," मी म्हटलं. "खूप चिडला. चित्रकाराला तुरुंगात घातलं."

"मंग बरं! चित्र लागनं म्हना त्याले."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्याचं वाक्य तास संपल्यावरही माझ्याबरोबर स्टाफरूमपर्यंत आलं. राजा चिडला, म्हणजे चित्र लागलं. आमच्या गावात कुणी चिडायचं नाही. आमच्या गावात सगळे हसायचे.

आमचं गाव सावद्याच्या पुढे, केळीच्या मुलखात. फाल्गुनात तिकडे गव्हाची कापणी चाललेली असते, हरभऱ्याचे हुळे भाजल्याचा वास बांधाबांधावरून येतो, आणि तरीही गाव हिरवंच दिसतं, कारण केळीला ऋतूंची फारशी पर्वा नसते. लांब सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटलेला दिसतो. केळी कापणाऱ्या माणसांच्या कपड्यांवर चिकाचे काळे डाग असतात, ते कुठल्याच साबणानं जात नाहीत. लहानपणी मला वाटायचं की ते डाग म्हणजे मोठ्या माणसांच्या कपड्यांचं डिझाइनच असतं.

गावात चावडीसमोर एक मोठा फळा होता, विटांच्या भिंतीतच बसवलेला. एरवी त्यावर पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, कुणाची गाय हरवली, असलं काही लिहिलेलं असायचं. वर्षातून एकदा, होळीच्या दिवशी दुपारी, तो आमच्या ड्रॉइंगच्या वाणी सरांचा व्हायचा. सर आदल्या दिवशी बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाल्याचा रस एकत्र करून फळा काळाभोर करायचे. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचे. तसं केलं की रंग ओल्या फुलासारखा उठतो आणि कोरड्या हातानं सहज पुसला जात नाही. फळ्यापुढे चादर बांधून सर आत एकटे काढत राहायचे. होळी पेटली की चादर सोडायची. होळीच्या उजेडात गावातली एखादी बडी आसामी फळ्यावर उभी असायची, कुणी ढेरीसकट, कुणी टकलासकट, कुणी सोसायटीच्या खुर्चीला खिळ्यांनी ठोकलेली. सरांनी कधी कुणाचं नाव लिहिलं नाही. "नाव लिहावं लागलं तर चित्र फसलं," असं ते आम्हाला वर्गात सांगायचे.

या फळ्याचा एक रिवाज होता. ज्याचं चित्र निघालं त्यानं धुळवडीच्या सकाळी स्वतः यायचं, आपल्या चित्राच्या कपाळाला गुलाल लावायचा, चौकातल्या सगळ्यांना चहा पाजायचा आणि मग ओल्या फडक्यानं आपल्या हातानं आपलं चित्र पुसायचं. ज्याचं त्यानं पुसायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सरांनीसुद्धा नाही. गाव या रिवाजाचं मोठं कौतुक करायचं. बघा, आमच्याकडे कसं खेळीमेळीचं असतं.

खेळीमेळीचंच होतं. इतकं, की चित्र निघणं हा मान झाला. आठवडाभर आधीपासून लोक सरांच्या घरावरून जाताना उगाच थांबायचे. "सर, यंदा आमच्याकडं लक्ष असू द्या," असं एका सोसायटीच्या चेअरमननी त्यांना माझ्यादेखत सांगितलं होतं. सर हसून म्हणाले, "तुम्ही आधी काहीतरी घोटाळा करा." चेअरमन म्हणाले, "करतोच आहे ना सर, तुमच्याच नजरेत येत नाही!" दोघंही हसले. मलाही तेव्हा हसू आलं होतं. आज वर्गात शिकवताना कळतं की त्या वाक्यातच त्या फळ्याचं मरण होतं. ज्याला फटका द्यायचा तोच रांगेत उभा राहून फटका मागत होता.

मी दहावीला होते तेव्हा माझी आई गावाची सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव झाली आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, आईचा अर्ज भरला. आईला त्यांनी सांगितलं ते अर्ज भरून आल्यावर. निवडून आल्यावर हार नानांच्या गळ्यात पडले. लोक नानांना सरपंच म्हणायचे आणि आईला अक्काच म्हणत राहिले. पहिलं वर्षभर शिपाई कागद घरी घेऊन यायचा, नाना बोट ठेवतील तिथे आई सही करायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. हे असंच होतं. यातलं काहीही मी झाकत नाही.

मग त्या हिवाळ्यात काहीतरी बदललं. मी ओट्यावर अभ्यासाला बसायचे. आई दुपारचं काम आवरून, हात पदराला पुसत, माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. मांडीवर पंचायतीचे कागद. ती सातवीपर्यंत शिकली होती. वाचता यायचं, पण ते कागद वेगळ्याच भाषेत असायचे. ती एकेका शब्दावर बोट ठेवून मला विचारायची.

"तहकूब म्हन्जे काय गं?"

"पुढं ढकलणं. आज नाही, नंतर बघू, असं."

"आणि सर्वानुमते?"

"सगळ्यांच्या मतानं."

तिनं त्या शब्दाखालून पुन्हा बोट फिरवलं. "सगळ्याइच्या मतानं. मंग मले तं कोनी इचारलंच नाही."

त्या ओट्यावरच्या दुपारी मला अजून स्पष्ट आठवतात. समोरच्या रस्त्यावरून केळीचे ट्रॅक्टर जायचे, त्यांच्या मागे वाळल्या पानांचा कचरा उडत यायचा. मी भूगोलाचे नकाशे भरायचे, आई ठराव वाचायची. तिला कुणी परीक्षेला बसवलेलं नव्हतं. तरी मी बोर्डाच्या परीक्षेला इतकी घाबरले नव्हते जितकी ती त्या कागदांना घाबरत होती, आणि तरी ती रोज येऊन बसायची. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

होळीच्या आधी एक ठराव आला. आमच्या मुलींच्या शाळेला लागून गावठाणची मोकळी जागा होती. ती एका केळी व्यापाऱ्याला शेडसाठी द्यायची होती. नानांचा त्याला शब्द गेला होता. आईनं कागद वाचला, सगळा, शेवटपर्यंत, आणि नानांना परत दिला.

"हे मी नाही करत."

नानांना आधी वाटलं, पेन चालत नाही.

"ती जागा पोरीइले लागते," आई म्हणाली. "शाळेत पोरीइले जायला जागा नाही. मोठ्या पोरी मधल्या सुटीत घरी येतात अन् परत जातच नाही. तिथं संडास बांधू."

नाना हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "बरं. ग्रामसभेत ठेवू. रंगपंचमी झाली की. गाव काय म्हनते ते पाहू."

"पाहू," आई म्हणाली. तिनं तेवढंच म्हटलं. मी शेजारी बसले होते. त्या मोठ्या मुलींमधली एक मीच होते. मधल्या सुटीत घरी पळत येऊन पुन्हा पळत जाताना माझे गणिताचे किती तास बुडाले, ते फक्त आईला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी होळी होती. होळी पेटली, चादर सुटली, आणि फळ्यावर माझे आईवडील होते.

नाना फळ्याच्या उंचीइतके मोठे. मिशा, जाकीट, तोंडात पान, दोन्ही हातांची बोटं पसरलेली, आणि प्रत्येक बोटातून खाली उतरलेली दोरी. खाली त्या दोऱ्यांना लटकलेली आई. वीतभर. कपाळावर मोठं कुंकू, एका हातात पंचायतीचा शिक्का, ओठ घट्ट मिटलेले. सरांचा हात असा होता की दोन-चार रेषांतच तिची पदर खोचण्याची ढब आली होती. कळसूत्री बाहुली होती आणि माझी आईही होती. माझ्या मैत्रिणीनं माझा हात धरला आणि मग सोडला.

लोक हसून हसून वाकले. आणि नाना! नाना सगळ्यात जोरात हसत होते. "सरांनी आपल्याले घेतलं बापा यंदा!" असं त्यांनी दोन-तीन वेळा म्हटलं. रात्रभर त्यांची छाती खाली आली नाही. सकाळी धुळवडीला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सावद्याहून फोटोवाल्याला बोलावलं, चित्राशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग स्वतःच्या कपाळाला म्हणजे चित्रातल्या कपाळाला गुलाल लावला, गावाला चहा पाजला, आणि ओलं फडकं घेऊन आपलं चित्र पुसलं. फक्त आपलं.

"अन् अक्काचं?" कुणीतरी विचारलं.

"ज्याचं त्यानं पुसायचं ना? अन् जित्या बायकोचं चित्र कोनी आपल्या हातानं पुसते का? कुंकू आहे त्याच्यावर."

लोकांना ते पटलं. खरोखर पटलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि बाई माणसानं धुळवडीच्या दिवशी, गुलालात माखलेल्या पुरुषांच्या चौकात येऊन स्वतःचं चित्र पुसावं, हे तर कुणाच्या मनातही आलं नाही, कारण त्या फळ्यावर त्याआधी कधी बाई निघालीच नव्हती. रिवाज पुरुषांचा होता. त्यात बाईचं काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं.

म्हणून ती तशीच राहिली. वर सगळा फळा काळा, ओल्या फडक्याचे फराटे वाळलेले, आणि त्या काळ्यातून खाली आलेल्या दहा दोऱ्या, आणि दोऱ्यांना आई. वर आता कुणीच नव्हतं. नाना सुटले होते. शाळेत जाणारी पोरं फळ्यापुढे थांबून हात वर करून बाहुलीसारखी नाचायची. माझे पेपर चालू होते. सावद्याच्या केंद्रावर जायला मला त्याच चौकातून बस पकडावी लागायची. मी आईला म्हटलं, "मी पुसून येते."

"तुझं आहे का ते?" आई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू पेपरावर ध्यान दे."

मी शिकवते त्या इतिहासात ही बाहुली मला जागोजागी भेटत राहते. मी चित्रं गोळा करते, तेव्हा ती समोर येतेच. बंगालमधल्या देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या जुन्या बाजारी चित्रांत बाबूचं मेंढरू झालेलं असतं आणि त्याच्या गळ्यातला दोर एका बाईच्या हातात असतो. इंग्लंडात बायका मतदानाचा हक्क मागायला लागल्या तेव्हा त्यांच्या तोंडाला कुलूप घातलेली विनोदी पोस्टकार्डं छापली गेली आणि लोकांनी ती हौसेनं एकमेकांना पाठवली. आपल्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांत तर बायको म्हणजे लाटणं. महागाई काढायची तर हडळ, न्याय काढायचा तर डोळे बांधलेली बाई, देश काढायचा तर रडणारी बाई. चित्रकाराला बोलायचं असतं कुणा राजाबद्दल, मंत्र्याबद्दल, नवऱ्याबद्दल. त्यासाठी बाई हाताशी लागते. काम झालं की तिचं काय होतं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत होती. माझा शेवटचा पेपर आदल्या दिवशी झाला होता, म्हणून मी बायकांच्या घोळक्यात मागे बसले होते. आईनं ओट्यावर बसून एक वाक्य पाठ केलं होतं. मी तिच्याकडून ते म्हणून घेतलं होतं, जशी ती लहानपणी माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची. "शाळेलगतच्या जागेचा ठराव मी तहकूब ठेवते. जागा मुलींच्या शाळेसाठी राखून ठेवावी असं माझं म्हणणं आहे." एवढंच. अध्यक्षस्थानी तीच होती. तिला तो अधिकार होता, आम्ही तो कागदात शोधून काढला होता.

ग्रामसेवकांनी ठराव वाचला. आई उभी राहिली. तिनं पदर सारखा केला.

"शाळेलगतच्या जागेचा..."

पुढच्या रांगेत कुणीतरी हात वर करून बोटं पसरली आणि हलवली. आधी दोघं-तिघं हसले. मग मागून आवाज आला, "नाना, ढिली झाली वाटते दोरी. ओढा ना!"

सगळी पडवी हसली. बायकासुद्धा. माझ्या शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मी नानांकडे बघितलं. नाना खाली बघून हसत होते, आपल्या कौतुकानं माणूस लाजतो तसे.

आई उभीच होती. तिनं पुन्हा सुरुवात केली. "शाळेलगतच्या..." तेवढ्यात एक म्हातारे आबा, खरोखर चांगला माणूस, समजावणीच्या सुरात म्हणाले, "अक्का, तुम्ही बसा. नानानं सांगितलेलं तुम्ही सांगनार, ते आम्ही नानालेच इचारतो ना."

जे ती नानांच्या विरुद्ध बोलायला उठली होती, ते नानांनीच शिकवलेलं आहे असं सगळ्यांना वाटत होतं. का वाटू नये? फळ्यावर तसंच होतं. इतके दिवस येता-जाता त्यांनी तेच बघितलं होतं, आणि ते इतकं छान काढलेलं होतं.

आई बसली. ठराव मंजूर झाला. सर्वानुमते.

घरी जाताना ती चौकात थांबली. मी तिच्यामागे होते. फळ्याच्या खिळ्याला ते फडकं टांगलेलं होतं, वाळून कडक झालेलं. तिनं ते तसंच कोरडं घेतलं आणि पुसायला लागली. साखरेच्या पाण्यातला खडू, तो कोरड्या फडक्यानं निघेना. नुसता पसरत गेला. तिचा चेहरा, कुंकू, शिक्का, सगळ्याचा एक पांढरट गुलाबी ढग झाला. तिनं जोर लावला, बांगड्या फळ्यावर वाजल्या. पारावरच्या लोकांतून आधी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"अरे वा अक्का! रिवाज पाळला बरं का!"

"मंग चहा झाला पाहिजे!"

आईनं टपरीवाल्याला हात केला. "द्या सगळ्याइले."

"मोठ्या मनाची बाई आहे बापा," लोक म्हणाले. ते खरंच तिचं कौतुक करत होते. आम्ही दोघी चहा न पिता घरी आलो. त्यानंतर पदाची मुदत संपेपर्यंत शिपाई कागद घरी आणत राहिला. आई सही करायची. मी एकदा म्हटलं, आधी वाचून तर बघ. ती म्हणाली, "वाचायचं काय त्यात."

शेड उभी राहिली. मी पुढे शिकले, कारण वाणी सर नानांकडे येऊन बसले. हे मला स्पष्ट लिहायला हवं. मुलीला चित्रकलेला कशाला पाठवायचं, असं नाना म्हणत होते. सर पुन्हा पुन्हा आले. धुळ्याच्या कॉलेजचा अर्ज सरांनी आणला, प्रवेशाच्या दिवशी एसटीनं माझ्याबरोबर सरच आले. बस दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांजवळून गेली तेव्हा म्हणाले, "यांच्या धुराचा करडा रंग तुला पाण्यात कसा मिळेल, विचार कर." आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. मी आज वर्गात उभी राहते ती त्या माणसामुळे. माझ्या हातात रेषा आहे ती त्यांची आहे. ज्या रेषेनं माझ्या आईला बाहुली केलं, तीच.

आईला मी एकदा सांगितलं होतं मी काय शिकवते ते. ती म्हणाली, "म्हन्जे वाणी सराइचंच." मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि भाजी निवडत राहिली. नाना गेल्यावर धुळवडीचा तो फोटो बैठकीतून काढावा असं मला फार वाटायचं. आईनं काढू दिला नाही. "राहू दे. तुझ्या बापाचा एवढा मोठा फोटो दुसरा नाही." बाकी सगळे फळे पुसले गेले. सरांच्या सगळ्या होळ्यांमधलं त्या फोटोतलं हे एकच चित्र उरलं आहे, कारण ज्याच्यावर ते काढलं होतं त्याला ते इतकं आवडलं.

सर आता जळगावला मुलाकडे राहतात. त्यांचे जुने विद्यार्थी मिळून त्यांचा सत्कार करणार आहेत, त्या निमित्तानं एक गौरव अंक निघतो आहे, आणि त्यात सरांच्या कलेवर मी लिहावं असं सगळ्यांना वाटतं. परीक्षेच्या कामातून एक रविवार काढून मी त्यांच्याकडे गेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी काळा चष्मा लावला होता. काकूंनी ताक आणलं. इकडचं तिकडचं झाल्यावर सर म्हणाले, "मुखपृष्ठावर तेच घ्या. नानांचं. माझं सगळ्यात गाजलेलं ते. लोक सांगत होते, ग्रामसभेतसुद्धा चाललं म्हणे! मी तेव्हा साडूच्या मुलीच्या लग्नाला जामनेरला होतो, नाहीतर बघितलं असतं."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. ओट्यावरचं, जागेचं, पाठ केलेल्या वाक्याचं, पसरलेल्या बोटांचं, सगळं. मी रागावून सांगितलं नाही. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. आवाज मात्र मला वाटला तितका सरळ राहिला नाही. काकू आत गेल्या होत्या त्या बाहेर आल्या नाहीत.

सर ताकाच्या पेल्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मी त्या नवरे लोकांवर काढलं होतं गं. बायकांच्या खुर्चीवर बसतात, त्यांच्यावर. तुझ्या आईंवर नव्हतं."

"मला माहीत आहे, सर."

"त्या वाचायला लागल्यात हे मला कसं कळणार?"

"कसं कळणार," मी म्हटलं.

बाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला. मला वाटलं, आता ते म्हणतील की नको, दुसरं काहीतरी घेऊ. ते थोडे पुढे वाकले.

"पण मला एक सांग. तू आता यातली माणूस आहेस, म्हणून विचारतो. चित्र कसं होतं?"

मी कित्येक वर्षं जगभरची व्यंगचित्रं बघते आहे. त्या दहा दोऱ्यांमध्ये एक रेष कमी नव्हती की जास्त नव्हती. त्या मिटलेल्या ओठांत आईचा अख्खा जन्म होता.

"चांगलं होतं, सर," मी म्हणाले.

त्यांचे खांदे सैल झाले. "मग तेच ठेवू. पण आता तू हे सांगितलंस म्हणून, आईंना विचारून घे. त्यांची हरकत नको."

मी तिथूनच फोन लावला. आईनं आधी विचारलं, सर बरे आहेत ना, डोळ्याला दिसतं ना आता नीट. मग मी मुखपृष्ठाचं सांगितलं.

"छापू दे," ती म्हणाली. "मले कोन वळखते आता?"

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाल्या?"

"हरकत नाही म्हणाली," मी सांगितलं.